रीना मंडलची दुसरी मुलाखत

गडचांदूरच्या थांब्यावर रीना बसमधून उतरली तेव्हा पाऊस भुरभुरत होता, आणि चहाच्या टपरीखाली उभा असलेला एक मुलगा तिच्या कपाळाकडे टक लावून पाहत होता.

"मॅडम, कपाळाले सिमेंट लागलं," म्हणत त्यानं रुमाल पुढे केला.

गडचांदुरात झाडाच्या पानांवरही सिमेंटची भुकटी असते, त्यामुळे त्याची फारशी चूक नव्हती. तरी रीनाला हसू आलं.

"दही हाये ते. आमच्यात मुलाखतीले जाताना आई लावते."

तो ओशाळला. "आमच्याकडे हातावर देतात... खायले. वाया नाई घालवत आम्ही."

त्याचं नाव प्रणित. कोरपन्याच्या कापूसवाल्या घरचा, आणि तिच्यासारखाच केमिस्ट्री घेऊन शिकलेला. गावाबाहेर एक खासगी प्रयोगशाळा होती, तिथे कारखान्यांची चुनखडी तपासत. दोघंही निघाले होते तिथेच आणि जागा होती एकच. हे दोघांनाही कळलं. मग प्रणितनं आपली छत्री तिच्या बाजूला जरा जास्तच कलती केली. प्रतिस्पर्ध्याला इतकं कोरडं ठेवायचं नसतं, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

प्रयोगशाळेचं फाटक दिसताच रीनानं कपाळ पुसून टाकलं.

"काऊन पुसलं?"

"असंच..."

असंच नव्हतं ते. रीनाचं घर चामोर्शीजवळच्या बंगाली वस्तीतलं. आजोबा पूर्व बंगालातल्या खुलन्याहून निर्वासित होऊन आले, सरकारनं जंगलात जमीन दिली, त्यांनी धान लावलं आणि घरामागे माशांचं तळं खणलं. रीनाचा जन्म इथला, शाळा इथली. तिचं बोलणं ऐकून कुणाला शंकाही येत नसे. पण मागच्या मुलाखतीत मंडल हे आडनाव ऐकून साहेबांनी जी चौकशी सुरू केली ती थेट बांगलादेशात जाऊन पोचली आणि नोकरी हातची गेली. म्हणूनच दही लावताना आईनं बजावलं होतं, की खुलन्याचं नाव काढायचं नाही.

आत तिलाच आधी बोलावलं. मंडल म्हणजे कुठल्या, असं विचारलं. चामोर्शी, ती म्हणाली. हो, पण त्याच्या आधी? रीनाला खोटं बोलता येईना. आजोबांना लपवायचं तिच्या जिवावर आलं आणि तिनं सगळं खरं सांगितलं. मग आजोबा कधी आले, कसे आले, घरी कुठली भाषा बोलता, तिकडे अजून कोण आहे... केमिस्ट्रीचा एक शब्द निघाला नाही. शेवटी साहेब म्हणाले, कळवू. ती बाहेर येऊन बाकावर बसली तेव्हा तिला रडू कोसळायचंच बाकी होतं.

प्रणित आत गेला आणि खुशीत बाहेर आला.

"सोपं गेलं. चुनखडीत मॅग्नेशिया वाढला तर सिमेंटचं काय होते, असं विचारलं. तुले?"

"मले आजोबाचं विचारलं."

"आन् काय?"

"बस, तेवढंच."

त्याचा चेहरा उतरला. तो छत्रीची मूठ फिरवू लागला.

"माझा आजाबी पैनगंगेच्या पलीकडून आला, बैलबंडी घेऊन," तो म्हणाला. "आदिलाबादकडचा. मले तर कोणी नाई विचारलं. आडनाव ऐकलं आन् म्हणे, आपलाच पोरगा." मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "परत जाय. म्हण, मलेबी तेच विचारा."

"जागा एकच हाये... कळते न तुले?"

"कळते. म्हणूनच लवकर जाय. मन बदललं तर माझं काही खरं नाई."

रडू आवरत रीना हसली. पर्स त्याच्या हातात देऊन तिनं दार ढकललं.

"सर, माझ्या आजोबांची मुलाखत झाली," ती म्हणाली. "आता माझी घ्या."

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या वयस्कर साहेबांनी घसा खाकरला आणि खुर्चीकडे हात केला. या वेळी त्यांनी मॅग्नेशियाचं विचारलं, आणि रीना बोलत सुटली.

नोकरी तिला मिळाली. प्रणितला पुढे कोरपन्याजवळच्या कारखान्यात काम लागलं. तिथली चुनखडी तपासायला रीनाकडेच यायची. नमुने पोचवायला शिपाई होता, तरी प्रणित स्वतःच घेऊन यायचा. थंडी पडेपर्यंत दोघांच्या मनातलं सगळ्या प्रयोगशाळेला ठाऊक झालं होतं.

मग एका रविवारी तो लग्नाचं विचारायला चामोर्शीजवळच्या तिच्या घरी आला. रीनाचे बाबा घरामागच्या तळ्यात गुडघाभर पाण्यात उभे होते, हातात जाळं. गाव, जात, शेती... प्रणितनं सगळी उत्तरं घोकून आणली होती.

"कुठचा हायेस, ते नाई विचारत मी," बाबा म्हणाले. "आमाले ते लय लोकांनी विचारलं. राहणार कुठी, ते सांग."

प्रणितनं काठावरच्या रीनाकडे पाहिलं.

"जिथी रीना राहीन... तिथी."

बाबांनी जाळ्याचं दुसरं टोक त्याच्याकडे फेकलं. नवी पँट न दुमडताच तो पाण्यात उतरला, आणि रीनाला तो माणूस इतका आवडला, की तीही चपला काढून त्याच्या मागोमाग गेली.