दुसरी बंदूक

माझ्या नातीनं त्या पोराला पहिल्यांदा बघितलं, तवा त्यो सात राक्षसांच्या तावडीत हुता. खोटं सांगत न्हाय. मी तिथंच हुते, टमाट्याचं रिकामं क्रेट पालथं घालून त्याच्यावर बसलेली.

बारामतीत काचंच्या दाराआड एक गेमचं दुकान हाय. मोठ्या पडद्यावर मिलिटरीचे एजंट, आन् समोरनं कसलंतरी औषध अंगात भिनून राक्षस झालेली माणसं. एकेक उसाएवढा उंच, डोस्कं फणसासारखं. खाली वायरीला बांधलेल्या दोन बंदुका. मार्केटात टमाट्याचा लिलाव झाला की आमची क्रेटं मोकळी हुईस्तवर आमी तिथं गारव्याला बसायचो. माझा ल्योक महिपती मणक्यानं अंथरुणाला खिळला, तवापासनं तोडा, क्रेटं भरणं, पिकअप चालवणं, सगळं त्याच्या पोरीवर, उत्कर्षावर. टमाट्याच्या पाल्यानं तिच्या हाताला हिरवा-काळा डाग पडलेला, कितीबी घासला तरी निघायचा न्हाय.

त्या दिशी ती पेंगत पडद्याकडं बघत हुती. काय वाटलं कुणास ठावं... कुणाला न इचारता तिनं दुसरी बंदूक उचलली.

"टोकन टाकल्याबिगर चालत न्हाय ती," पोरगा म्हनला, आन् स्वतःचंच टोकन टाकलं.

तिनं धडाधडा चार पाडलं. मग बंदूक नुसतीच खटखट करायला लागली.

"संपल्या."

"नळी पडद्याच्या भाईर करा. मग भरत्यात."

"भाईर कुठं?"

"कुठंबी... माझ्याकडं केली तरी चालंल."

तिनं केली. त्यो तिच्याकडं बघत हसला, आन् तेवढ्यात राक्षसानं त्याला खाल्ला.

तवापासनं दर सोमवारी आन् गुरुवारी त्यो तिथं दिसायचा. नाव ज्ञानेश, गाव कळंब, वालचंदनगरला फिटर. आईला डायलिसिसला घेऊन यायचा. ती चार तास मशिनीवर, आन् ह्यो आदल्या रातीची ड्यूटी करून लाल डोळ्यांनी हितं. ही समदी माहिती मीच काढली. ती दोघं नावं इचारायच्या भानगडीत पडली न्हाईत. खेळ संपला की पडद्यावर तीन अक्षरं टाकायची असत्यात. ही आमच्या क्रेटावरची खूण टाकायची, एम एस के. महिपतीचा एम, माझा साखरबाईचा एस, आमच्या गावाचा, कन्हेरीचा के. त्यो तिला नुसतं 'एजंट' म्हनायचा.

"ह्या एजंटांची ड्यूटी कवा सुटती?" एकदा तिनं इचारलं.

"राक्षस संपल्यावर."

"संपत न्हाईत की."

"म्हणून तर दोन बंदुका दिल्यात..."

एकदा त्यो उभ्या-उभ्याच झोपला. मी त्याला क्रेटावर टेकवला, त्यानं माझ्या खांद्यावर मान टाकली आन् असा घोरला की पडद्यावरचे निम्मे राक्षस पळून गेले. उरलेले उत्कर्षानं मारले, दोन्ही हातात दोन बंदुका धरून, त्याचा एजंट मरू नये म्हणून. त्यो जागा झाल्यावर तिनं काय सांगितलं न्हाय. मीबी न्हाय.

माझ्याकडनं मात्र एक चूक झाली. त्यानं मला हळूच गाव इचारलं, आन् मला ऱ्हावलं न्हाय. म्हनलं, आमी इंदापूरचे, उजनीच्या पाण्याला लागून घर, दारात मगर बांधलेली. त्यानं मान डोलावली. मला वाटलं, थट्टा हाय ते पोराला कळलं.

मग टमाट्याचा प्लॉट संपत आला. पुढं ढोबळी मिरची, तिचा व्यापारी बांधावर येऊन माल उचलणार. बारामतीची फेरी बंद. शेवटच्या सोमवारी पिकअपमधी म्या इचारलं, त्याला सांगितलंस का? ती समोर रस्त्याकडं बघत ऱ्हायली.

"त्याच्यामागं त्याची आई, माझ्यामागं आबा. आमी दोघंबी आधीच दमलेली, आज्जी. दमलेल्या माणसानं दमलेल्या माणसाला द्यायचं काय?"

त्या दिशी तिनं शेवटचा डाव खेळला, तीन अक्षरं टाकली, आन् "येते" म्हणून निघाली. त्यो म्हनला, "गुरुवारी." ती दारापातूर गेली हुती. घरी आल्यावर एक क्रेट कमी भरलं. मी म्हनलं, म्हातारपण, बसायला घेतलं आन् तिथंच इसरलं.

तीन आठवडं गेलं. पोरगी कामाला हटली न्हाय, पण जेवताना घास हातातच धरून बसायची.

एका गुरुवारी दुपारी मिरचीच्या वावरात ती पाठीवर पंप घेऊन फवारत हुती. बांधावर मोटरसायकल थांबली. मागं दोरीनं बांधलेलं आमचं क्रेट.

त्यानं आधी मलाच गाठलं. "आज्जी, दोन रविवार इंदापुरात मगर शोधली. लोकं हसली मला."

"मग हितं कसा आलास?"

"मार्केटातल्या हमालांस्नी ह्यो एम एस के दाखवला. त्यांनी लगीच कन्हेरी सांगितलं." मग आवाज बारीक करून म्हनला, "आई मशिनीवर हाय. पाच वाजेस्तवर येळ हाय माझ्याकडं."

उत्कर्षा सरीतनं वर आली. घामानं भिजलेली, तोंडाला फडकं.

"तुमचं क्रेट ऱ्हायलं हुतं, एजंट."

"ठिवा तिथं." तिनं फडकं खाली केलं. "खेळता का अजून?"

"खेळलो. पहिल्याच फेरीत मरतो." त्यो घुटमळला. "गोळ्या भरायला भाईर बघावं लागतं... भाईर कुणी नसतं."

ती म्हनली, "मी दमलीया. खरंच लई दमलीया. आन् हे असंच चालणार."

"व्हय. मीबी." त्यानं वावराकडं बघितलं. "किती सऱ्या ऱ्हायल्यात?"

"बारा."

त्यानं बाह्या वर सारल्या.

"दुसरा पंप हाय का?"

उत्कर्षानं हातातली फवाऱ्याची नळी उचलली... आन् वावराच्या भाईर, थेट त्याच्याकडं केली.

मी दुसरा पंप आणायला उठले. पंप हुताच घराच्या दाराशी, सकाळीच धुवून ठिवला हुता. कशापाय, ते इचारू नका.