ओलीच्या पुढची रेघ

दिवसाढवळ्या स्टूल घेऊन बाबांच्या खोलीत जाणं, यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. मिरची आठ दिवस रोज तेच करत होती. छतावर ओल आली होती. तिच्या कडेनं पेन्सिलची रेघ ओढायची, खाली तारीख आणि वेळ लिहायची, म्हणजे ओल किती सरकली ते कळतं. ही आत्याची शिकवण. मिरची हे नावही तिनंच ठेवलेलं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पाणीपुरवठ्यात तिनं जन्म काढला. लोखंडी कांबीचं एक टोक रस्त्याला टेकवायची, दुसरं कानाला लावायची, आणि जमिनीखाली नळ कुठे फुटलाय ते बोट ठेवून सांगायची. यंत्रं हरली की साहेब लोक मुकाट तिला बोलावून घ्यायचे. कधी घाई नाही, कधी चूक नाही. घरात मात्र बाबा म्हणत, "हिच्याशी फक्त भिंती बोलतात." तिला जाऊन आठ महिने झाले होते.

ओल दिसली त्याच दिवशी मिरचीनं घरातले सगळे नळ बंद करून मीटर पाहिलं. चकती तरीही सावकाश फिरत होती. म्हणजे छतातला पाइप गळत होता. तिनं कॉक बंद केला. बाबांनी अंघोळीसाठी उघडला. प्लंबर परवा येणार होता. तोवर बाबांनी काय करावं? रंगारी बोलावून ओलीवर ऑइल पेंट फासून घेतला! मिरचीच्या रेघाही त्याखाली गेल्या. पाणी आतच कोंडलं आणि छताला पोट सुटलं. अगदी पलंगाच्या वर.

"बाबा, आजपासून बाहेरच्या खोलीत झोपा."

"तीस वर्षं इथेच झोपतोय. घराला घाम यायचाच."

"घामानं प्लास्टर पडतं का?"

"चार पुस्तकं शिकलीस म्हणून बापाला अंथरुणातून उठवणार?" बाबांनी पडदा ओढला आणि कूस बदलली.

मिरची दातओठ खात स्टुलावर चढली. खोलीत अंधार दाटला होता, ओल्या चुन्याचा वास नाकात बसत होता. तिनं हात वर नेला, आणि तो तसाच राहिला.

रेघ आधीच ओढलेली होती. ओलीच्या कडेनं नव्हे, ओलीच्या वीतभर पुढे, कोरड्या छतावर. चार दिवसांपूर्वीच्या त्या चकचकीत रंगावर. खाली आत्याचं बारीक, टोकदार अक्षर. आजची तारीख. वेळ, चार वाजून दहा मिनिटं.

घड्याळात चारला पाच कमी होते.

"बाबा... ही रेघ तुम्ही काढलीत?"

"मला चढवतं का स्टुलावर?"

आत्याची कांब दाराआड उभी होती. मिरचीनं ती छताला टेकवून कान लावला. टप... टप... आणि त्यामागे, अगदी जवळ, खर्र... खर्र... चुन्यावरून पेन्सिल फिरावी तसं.

तिच्या मानेवर काटा आला. तिनं कांबीचं टोक बाबांपुढे केलं. त्यांनी हसतच कान लावला. हसू ओठांवरच विरलं.

"बाबा..."

"गप्प." बराच वेळ ते ऐकत राहिले. मग छताकडे बघत, धाकट्या भावाच्या आवाजात म्हणाले, "उठतो गं, ताई... उठतो."

उशी काखेत मारून ते बाहेर आले. चार दहाला छत कोसळलं. पलंगाच्या फळ्यांचे दोन तुकडे झाले. धूळ बसली तेव्हा दिसलं, प्लास्टर अगदी रेघेबरोबर तुटलं होतं. केसभर अलीकडे नाही, केसभर पलीकडे नाही.

"जन्मभर तिला वेडी म्हणालो," बाबा दारातूनच म्हणाले. "आणि बघ... मेल्यावरही कामात चूक नाही."

मिरचीला पहिल्यांदाच बाबांना उलट बोलावंसं वाटलं नाही. तिनं आत्याच्या कांबीवरची धूळ अभिमानानं पुसली.

संध्याकाळी ती राडारोड्याचं घमेलं घेऊन बाहेर निघाली, आणि घरातल्या बोळात भिंतीशी थबकली. भिंत ठणठणीत कोरडी होती. पण तिच्यावर, मिरचीच्या हनुवटीइतक्या उंचीवर, पेन्सिलची रेघ होती. आडवी, सरळ, पुराचं पाणी चढल्याच्या खुणेसारखी. खाली तारीख उद्याची. वेळ लिहिलेलीच नव्हती.

रेघ बोळातून बाहेरच्या खोलीत गेली होती, तिथून दाराबाहेर, तिथून शेजारच्या भिंतीवर. तिथून पुढच्या.

"बाबा... शेजाऱ्यांना हाका मारा. सगळ्यांना!"

या वेळी बाबांनी काही विचारलं नाही. चप्पल न घालताच ते धावले.

मिरची रेघेवर बोट ठेवून आधी चालत, मग पळत सुटली. एकही घर सुटलं नव्हतं. गल्लीच्या कोपऱ्याशी तिनं श्वास रोखला. वळणापलीकडून आवाज येत होता, खर्रखर्र, खर्रखर्र, दूर दूर जाणारा.

आत्यानं आयुष्यात कधी घाई केली नव्हती. आज ती घाईत होती.