खोडाची अलीकडची बाजू

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी इथेच थांबावं. माझी शाळा चौथीपर्यंतची. गोष्टी रचायला मला येत नाहीत, आणि आल्या असत्या तरी पोटच्या पोरीवर रचल्या नसत्या.

गेल्या उन्हाळ्यातला मंगळवार. दुपारचे बारा-साडेबारा.

हो, भर दिवसा. भुतं रात्रीच येतात हे ज्याने ठरवलं, त्याने भुतांना विचारलं नव्हतं.

माझी थोरली जंगलात सुतार पक्षी बघायचं काम करते. कोण कुठल्या झाडाला भोक पाडतो, पिल्लांना किती वेळा भरवतो, ते वहीत लिहायचं. असलं काम असतं हे मला पटायलाच दोन वर्षं गेली. हे काम तिला शिकवलं तिच्या मामाने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने. आमच्याकडेच राहतो तो. जंगलात दोघं लांब लांब बसतात. हाक मारली तर पक्षी उडतात, म्हणून काठीने लाकडावर ठोकायचं.

दोनदा ठोकलं की, मी इथे आहे, ठीक आहे. समोरच्याने दोनदाच ठोकून उत्तर द्यायचं.

तीनदा ठोकलं की, ये. मग हातातलं टाकून जायचंच.

ही सवय त्यांनी घरातही आणली. थोरली परत आली की फाटकाच्या लाकडावर दोनदा ठोकते, आणि मी स्वयंपाकघरातून खिडकीच्या चौकटीवर उलथन्याने दोनदा.

"आई, तुझं उत्तर पार वळणापर्यंत ऐकू जात असेल," ती म्हणायची.

जाणारच. माझ्या हातात जोर आहे.

त्या मंगळवारी मामा तापाने फणफणला होता.

"एकटी जाऊ नकोस," तो खाटेवरून म्हणाला.

"पिल्लं आज-उद्या उडतील, मामा. महिनाभर बसलेय त्यांच्यासाठी."

"माझी शपथ आहे तुला."

"तापात घातलेली शपथ धरत नाहीत."

मी म्हटलं, "जाऊ दे रे तिला. जेवायला वेळेवर आली नाही, तर मीच कान धरून आणेन."

मीच म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

थोरली आपल्या जागी बसली. समोर वाळलेला जाड बुंधा, त्यात भोक, आत पिल्लांची किरकिर. हवा इतकी दमट की वहीची पानं बोटांना चिकटत होती. नर आला, भरवून गेला. तिने वेळ लिहिली. बारा वाजून दहा मिनिटं.

मग सवयीने शेजारच्या ओंडक्यावर काठी मारली. दोनदा. आणि स्वतःशीच हसली. आज उत्तर द्यायला आहे कोण?

टक… टक.

सुतार पक्षी असा ठोकत नाही. तो एका दमात दहा-पंधरा ठोके मारतो, नुसता खडखडाट. हे दोनच होते. सावकाश. माणसाच्या हाताचे.

मामा हट्टाने आला वाटतं, तिच्या मनात आलं. राग आला, बरंही वाटलं.

मग पिल्लं गप्प झाली.

सगळं रान गप्प झालं…

टक… टक… टक.

ये.

आवाज त्या वाळक्या बुंध्यामागून आला होता. ती उठली. दहा पावलं गेली, आणि थबकली.

नर बुंध्यावर बसला होता. तिच्या बाजूला.

सुतार पक्ष्याची एक रीत आहे. माणूस दिसला की तो सरकत सरकत खोडामागे जातो. आपल्यात आणि माणसात खोड ठेवतो. पाच वर्षांत एकही पक्षी तिच्याकडे सरकून आला नव्हता.

हा आला होता. छाती सालीला चिकटवून, हलत नव्हता.

मग पलीकडून मादी सरकत आली. तीही अलीकडे.

थोरलीला कळलं. पक्षी तिच्यापासून लपत नव्हते. पलीकडे जे होतं, त्याच्यापासून लपत होते.

"मामा?"

बुंध्याच्या कडेला कुणाचा हात दिसत नव्हता. सावली दिसत नव्हती.

टक… टक… टक.

पक्ष्यांच्या छातीखालची साल हलली.

ती मागे मागे सरकत निघाली. पाठ फिरवली नाही. वही तिथेच राहिली. वाटेवर आली तेव्हा साडेबारा झाले होते. मग जी धावली, ती एक वाजता घरात. फाटकावर न ठोकता. एका पायात चप्पल.

आधी मामाच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलं.

"तू आला होतास?"

"अगं, मला न्हाणीपर्यंत जाववत नाही."

"सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर आहे तो," मी म्हटलं.

तिने सगळं सांगितलं.

"तीन ठोक्यांना तू गेली नाहीस, बरं केलंस," मामा एवढंच म्हणाला.

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. "आई, इथे कुणी ठोकलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

खोटं बोलले.

साडेबाराला फाटकावर दोनदा वाजलं होतं. मी उलथन्याने उत्तर दिलं. जोरात, नेहमीसारखं. तिचं ताटही वाढलं. कुणी आत आलं नाही…

आजवर कुणाला घाबरून मी खोटं बोलले नव्हते.

आमच्या फाटकाजवळ एक वाळकं झाड आहे. त्यावर एक सुतार पक्षी येतो. मी खिडकीत आले की सरकून पलीकडे जायचा, फाटकाकडे. कित्येक वर्षं हेच.

त्या मंगळवारनंतर तो पलीकडे जात नाही. मी खिडकीत उभी, आणि तो माझ्यासमोर सालीला चिकटलेला.

थोरली अजून फाटकावर दोनदा ठोकते. मी उत्तर देत नाही. दारात जाऊन तिला आधी डोळ्यांनी बघते.

"हात दुखतो का गं, आई?"

"वय झालं," मी म्हणते.

काल दुपारी मामा आत झोपला होता. मी खिडकीशी बसून थोरलीची वेणी घालत होते.

फाटकावर वाजलं.

तीनदा.

ती सवयीने उठली. मी वेणी हातातून सोडली नाही.

"सोड ना, आई. बघू दे कोण आहे."

"कुणी नाही."

"मग वेणी का सोडत नाहीस?"

मी खिडकीबाहेर बघत होते. झाडावर काल एकच पक्षी नव्हता. चार होते.

चारही अलीकडे.