खांबावरचा लाल हातमोजा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधेच दात काढलेले मला खपणार नाहीत.

आमच्या या सपाट फिनिश मुलखात हिवाळ्यात कोल्हा मारायला शेतात शिरायचं, तर वाटेवरच्या खांबाला आपला हातमोजा अडकवायचा. मोजा दिसला की समजायचं, आत बंदूक आहे. मग कुणी म्हणून आत पाऊल टाकत नाही.

हिल्का ही माझा दोस्त ओइवा याची बायको. ओइवा एका हिवाळ्यात वारला. पुढच्याच हिवाळ्यात कोल्हा तिच्या कोंबड्या न्यायला लागला.

"आर्वो, चारच उरल्यात बघ," ती म्हणाली. "रायफल काय भिंतीची शोभा म्हणून घेतलीस?"

आदल्या रविवारीच मी तिला लग्नाचं विचारलं होतं. ती नुसती हसली होती. मग काय, कोल्हा मारल्याशिवाय तिला तोंड दाखवायचं नाही, असं ठरवूनच निघालो.

भर दुपार, पण धुकं असं की बर्फ कुठे संपतो आणि आभाळ कुठे लागतं ते कळेना. खांबावर आधीच एक मोजा होता. लाल, पांढऱ्या नक्षीचा. ओइवाचा! गेल्या वर्षीचा राहिला असेल, म्हटलं. खूण तर आहे, उगाच आपला हात कशाला गारठवा? माझा मोजा मी हातातच ठेवला.

गवताच्या कोठाराआड पालथा पडलो. कोल्ह्याला बोलवायला मनगटावर ओठ दाबून उंदरासारखं चिरकायचं असतं. मी ओठ लावले... आणि आवाज काढायच्या आधीच माझ्या डाव्या खांद्याशी कुणीतरी चिरकलं. शेवटी फाटणारा सूर. ओइवाचा पुढचा दात पडलेला, त्याचाच सूर असा फाटायचा.

खोटं कशाला बोलू, भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं. जुना दोस्त शेजारी येऊन पडलाय, असंच वाटलं. डोळे जड झाले. सूर येत राहिला... मऊ, लांबट... आणि धुक्यातून कोल्हा आला.

नेम धरला. बोट खटक्यावर. तेवढ्यात तो थबकला आणि मागे वळून बघू लागला. हा मागे काय बघतोय? एवढ्या विचारापुरतं बोट थांबलं. कोल्हा बाजूला पळाला आणि त्याच्या जागी, ऐन नेमात, पांढरी शाल आली.

हिल्का!

रायफल टाकून मी धावलो. "मेली असतीस की गं! मोजा दिसला नाही?"

"कुठला मोजा? खांब मोकळाय."

"लाल... ओइवाचा..."

ती पांढरीफटक पडली. "आर्वो, तो जोड मी त्याच्या हातांत घालून त्याला पुरलाय."

"मग तू आलीस कशाला इथे?"

"बोलावलं ना..." तिचा आवाज अगदी खाली गेला. "तू नाही... तो फाटका सूर. पाय आपसूक वळले."

वसंतात आमचं लग्न झालं. रायफल मी पुन्हा उचलली नाही. पण बर्फ पडला की अजून दुपारी शेताकडून तो सूर येतो. मी ऐकलं नाही असं दाखवतो, दाराला आतून कडी घालतो. हिल्का बटाटे सोलता सोलता थांबते, सुरी खाली ठेवते आणि शाल शोधायला लागते.