लाल दोरा दोन पानं पुढे

"गंमतगाडीचे जुने अंक घेता का हो, बाई?"

शहापुरातल्या बालवाचनालयाच्या दारात श्रावणाची झिमझिम अंगावरून झटकत कुणीतरी विचारलं. शेवंतानं रजिस्टरातून मान वर न करताच सांगितलं, "फाटके असले तर न्हाय घेत."

"फाटके न्हाईत. आणि तू अजून तशीच फटकन बोलतीस."

आता मात्र तिनं वर बघितलं. उंच, सावळा, बगलेत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले बांधीव अंक... आणि उजव्या भुवईवर बारीकसा व्रण. तो व्रण तिनंच दिलेला, पाटीच्या कोपऱ्यानं.

"ज्योतिबा?"

"व्हय. ओळखलंस म्हणायचं."

अकरा वर्षं झाली होती. तेव्हा दोघांची घरं भिंतीला भिंत लावून होती. दोघांचेही बाप मागावर बसायचे, आणि दोन घरांत मिळून मुलांचं एकच मासिक यायचं, 'गंमतगाडी'. सारखी टोपी हरवणारा शिपाई, पोटदुख्या वाघ... मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दोघं एकाच अंकात डोकं घालायची. मध्येच आई कांड्यांवर रेशीम भरायला हाक मारायची. मग जिथवर वाचून झालं तिथं ज्यानं त्यानं आपला दोरा घालायचा, मागावरच्या उरल्यासुरल्या रेशमाचा. तिचा लाल, त्याचा हिरवा. तिचा कायम दोन पानं पुढे असायचा, आणि "आटप की रं" म्हणून ती त्याचं डोकं खायची.

मग त्याच्या बापानं माग सोडला आणि निपाणीला तंबाखूच्या वखारीत काम धरलं. सामानाचा ट्रक निघाला तेव्हा शेवंतानं आपल्या बापाच्या, आप्पांच्या मागावरची लाल रेशमाची अख्खी लडी उचलून ज्योतिबाच्या मांडीवर फेकली होती. "घे. आता मला विसरून दाखव." लडीपायी मार बसला तो वेगळाच. आणि या पठ्ठ्यानं पुढे साधं कार्ड टाकलं नाही.

"उरलेले शनिवारी आणतो," म्हणत तो आता हसला. तिच्या पदराकडे, मग तिच्याकडे, मग पुन्हा पावसाकडे बघून गेला.

शेवंता दुपारभर गुणगुणत होती. गुणगुणतच तिनं पंच्याहत्तर सालचा गठ्ठा उघडला. ज्योतिबा निपाणीला गेल्यावरचा पहिला अंक. दहाव्या पानावर हिरवा दोरा. बाराव्यावर लाल.

तिचं गाणं थांबलं. पुढचा अंक उघडला. हिरवा... आणि दोन पानं पुढे लाल. त्याच्या पुढचाही तसाच. आणि दोरा कसला? आप्पांच्याच हातच्या रंगाचा, डाळिंबी झाक असलेला. विणकराच्या लेकीला आपल्या घरचं रेशीम कळणार नाही होय? तिची लडी. जिच्यासाठी मार खाल्ला ती लडी या बाबानं तोडतोडून निपाणीतल्या कुठल्यातरी सटवीला दिली होती!

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वेण्या, वर रिबिनी, त्याच्या खांद्याला खांदा लावून वाचतीये... आणि वाचायची पण शेवंताच्याच वेगानं, बया! तिनं एक दोरा उपसला. मग पुन्हा त्याच पानात नीट ठेवला, कारण वाचनालयाचा अंक होता. पण रात्री भाकरी काही गोड लागली नाही.

रविवारी खानापूरचे पाहुणे तिला बघायला येणार होते. महिनाभर ती आईला टोलवत होती. सकाळी चुलीपुढे बसून म्हणाली, "येऊ देत. पसंत पडलं तर सुपारी फोडून मोकळे व्हा." आई तिच्याकडे बघतच राहिली.

शनिवारी ज्योतिबा आला. गठ्ठे टेबलावर टेकतात न टेकतात तोच तिनं विचारलं, "लाल दोरा कुणाचा?"

"हाय एक."

"नाव असंल की तिला."

"हाय. पण लई रागीट. नाव घेतलं तर अंगावर येती."

"दिसायला?"

"बरी हाय. दात जरा पुढं." शेवंताला थोडं बरं वाटलं. "पण वाचायची लई भराभर. मी आपला मागं मागं..."

"मग जा, तिलाच सांग वाचायला. उद्या माझी सुपारी हाय."

त्याचं हसू पुसलं गेलं. पोरांच्या बुटक्या बाकावर तो मटकन बसला. "कुणाशी?"

"खानापूरचे हाईत. माझा दोरा दुसरीला देणाऱ्यापेक्षा बरे."

त्यानं वरचा गठ्ठा मांडीवर ओढला. मग म्हणाला, "शेवंता, निपाणीत माझ्यासंगं कोण न्हवतं वाचायला. मी माझा हिरवा घालायचो. आणि तू असतीस तर कुठवर गेली असतीस ते मोजून तिथं तुझा. गंमतगाडी बंद पडंपर्यंत. लडी अजून उरलीया घरात."

तीन दिवस जिच्या नावानं बोटं मोडली, ती अशी स्वतःच निघाली होती.

"...आणि दात पुढं?"

"तवा व्हते की."

तिला हसू आलं, आणि डोळे पण भरले. "पत्र टाकायला काय झालतं रं?"

"भ्या वाटायचं. वाटायचं, आता ही दोन पानं न्हवं... पार पुढं गेली असंल. गेल्या आठवड्यात तू हितं असतीस असं कळलं, म्हणून अंक घेऊन आलतो."

त्यानं तळातला एक सुटा अंक काढला. त्यात एकही दोरा नव्हता. "हा शेवटचा. वाचला न्हाय. एकट्यानं संपवू वाटंना." मग मान खाली घालूनच म्हणाला, "आईला मागणी घालायला पाठवू? निपाणीसनं चारच्या एश्टीनं येतीच हाय ती."

"आजच?"

"खानापूरचे उद्या येत्यात न्हवं."

"पाठव," शेवंता म्हणाली. "आणि खानापूरच्यांना निरोप धाडायला आप्पांना मी सांगते. तू मधी बोलू नगंस."

त्यानं अंक मांडीवर उघडला. ती शेजारी बसली. बाहेर झिमझिम चालूच होती, आणि त्याचा दंड तिच्या दंडाला लागून होता. पहिलं पान. शिपायाची टोपी पुन्हा हरवली होती.

"झालं?" थोड्या वेळानं ज्योतिबानं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा आपण आधी पोचलो, असं त्याला वाटलं.

शेवंताचं केव्हाच वाचून झालं होतं. तिनं पानावर हात ठेवला.

"न्हाय अजून," ती म्हणाली.