तेरा दिवस उशिरा येणारे संत

कुलूपवाला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी त्याच्यावर ओरडले होते.

डिसेंबरची सकाळ, बारीक भुरभुर आणि माझ्या हातात आमच्या दुकानातल्या मेणबत्त्यांचं जड खोकं. संत निकोलसचा सण, म्हणून धावतपळत आले... तर टेकडीवरच्या त्या छोट्या चर्चचं दार बंद! दारापुढे एकजण मांडी घालून बसलेला, कुलपाचे सुटे भाग रुमालावर पसरलेले.

"अहो, सणाच्या दिवशी कुलूप खोलून बसलात? लोकांनी आत जायचं कसं?"

त्याने वर पाहिलं. डोळे उगाचच हसरे. "कसला सण?"

"संत निकोलसचा!"

"तो तुमच्याकडे आज. आमच्याकडे तेरा दिवसांनी. आम्ही जुनं कॅलेंडर पाळतो."

"म्हणजे संतसुद्धा उशिरा येतात तुमच्याकडे?"

"उशिरा येतात, पण येतात. तोवर खोकं ठेवा खाली... आणि तुम्हीही बसा. दमलेल्या दिसता."

मी बसले नाही. पण तेरा दिवसांनी, काडीचंही काम नसताना, पुन्हा टेकडीवर हजर होते.

मग चटकच लागली. प्रत्येक संत आम्हाला दोनदा मिळायचा! आमच्या चर्चमध्ये पुतळे, फुलं आणि ऑर्गनचा दणदणाट. तेव्हा तो मागच्या बाकावर. त्यांच्याकडे सोनेरी चित्रं, पिवळ्या बारीक मेणबत्त्या आणि वाद्याविना गाणं. तेव्हा मी खांबाआड. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंच नाही. तो मला 'मेणबत्ती' म्हणायचा. सगळं बोलायचा — फक्त एक गोष्ट सोडून.

आणि जूनमध्ये आत्याने स्थळ आणलं. दातांचा डॉक्टर. संत पेत्र आणि संत पौलाच्या सणाला दुपारी जेवायला येणार, आणि मी तिथल्या तिथे हो की नाही ते सांगायचं.

"मुलीच्या मनात दुसरं कोणी असेल, तर त्याने येऊन बोलावं," बाबा मेण ढवळत म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाबांना सगळं ठाऊक होतं तर!

मी तडक कुलूपवाल्याच्या दुकानात. "येशील ना त्या दिवशी?"

तो किल्ली घासत राहिला. "आमच्याकडे उपवास चालू आहेत गं... पेत्र-पौलापर्यंत. म्हणजे आमच्या पेत्र-पौलापर्यंत. उपवासात लग्नाचं काही चालत नाही. सण झाला की येतो."

"तोवर तो डॉक्टर माझ्या दाढा मोजून मोकळा झालेला असेल!"

तो हसला नाही. मीही नाही.

त्या आठवड्यात माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वाती वाकड्या बसत होत्या, मेण उतू जात होतं. दुकानाचं दार वाजलं की मी धावत जायचे — आणि गिऱ्हाईक निघायचं. रागावू तरी कोणावर? त्याच्यावर? की तेरा दिवस मागे राहिलेल्या संतांवर?

सणाच्या सकाळी दार वाजलं आणि त्याची आई आत आली. त्यांच्या सणासाठी पिवळ्या मेणबत्त्या सांगायला.

"चेहरा का असा उतरलाय गं? आज तर तुमचा सण."

मला राहवलं नाही. "मावशी, तुमच्या उपवासात लग्नाचं बोलतसुद्धा नाहीत का?"

"लग्न लागत नाही. बोलायला कोणाची बंदी आहे? ह्याच्या बाबांनी मला उपवासातच तर विचारलं होतं!" मग त्या थबकल्या. माझ्याकडे नीट बघितलं. "का? काय सांगितलंय त्या शहाण्याने?"

मी उत्तर द्यायला थांबलेच नाही. एप्रनसकट पळत सुटले.

"संताच्या आड लपतोस?" दुकानाच्या दारातूनच मी कडाडले. "जगाची कुलपं उघडतोस आणि स्वतःच्या तोंडाला हे एवढं मोठं कुलूप?"

त्याच्या हातातली किल्ली खाली पडली. "आई भेटली वाटतं..."

"भेटली. आता बोल!"

"भीती वाटली." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "विचारलं आणि तू नाही म्हणालीस तर? न विचारता निदान तेरा दिवस तरी... आशा राहिली असती."

"आणि त्या तेरा दिवसांत माझं काय झालं असतं? दुसऱ्याच्या घरी गेले असते मी, वेड्या!" माझे डोळे भरून आले. मला तो हवा होता, आणि आजच हवा होता.

तो उठला. पुढे आला. माझ्या गालावरचा मेणाचा डाग त्याने अंगठ्याने हलकेच पुसला... "मेणबत्ती, माझ्याशी लग्न—"

"हो!"

"अगं, पूर्ण तरी करू दे."

"पूर्ण वाक्य बाबांपुढे बोल. चल."

आम्ही घरी पोचलो तेव्हा पानं मांडून झाली होती. डॉक्टर रुमाल उलगडत होता, आणि आत्याचा वाढायचा हात हवेतच राहिला. मी कुलूपवाल्याचा हात सोडला नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. आणि शेजारची खुर्ची ओढली.

तो बसला. जेवला मात्र नाही, पानात मटण होतं आणि त्याचा उपवास. एक घोट पाणी प्यायला आणि सगळ्यांदेखत, अडखळत का होईना, त्याने मला मागणी घातली.