टर्नचा खण

एकच खण दोघांनी एकाच वेळी ओढला, तिथून सगळं सुरू झालं.

'टर्न' या इंग्रजी शब्दाचा खण. ती त्रिभाषी शब्दकोशासाठी मराठी अर्थ लिहायची. तो स्पॅनिश तपासायला महिन्याभरासाठी आलेला. दिसेल ते खोडायचा, म्हणून कचेरीनं त्याचं नाव ठेवलं होतं खोडरबर.

"तुमचा हात माझ्या हातावर आहे," ती म्हणाली.

"खण अडकलाय... हात काढला तर उघडणार नाही."

खण तर केव्हाच उघडला होता!

आत थोरल्या बाईंची कार्डं होती. बाई याच टेबलावर कोश करता करता गेल्या, त्याला नऊ वर्षं झाली. प्रत्येक अर्थाला एक कार्ड, त्यावर पेन्सिलीनं उदाहरण. दुसऱ्यानं शाईनं गिरवलं की वाक्य पक्कं, असा कचेरीचा नियम.

त्यानं पहिलं गिरवलं. टर्न म्हणजे नासणं, स्पॅनिशमध्ये आग्रिआर्से : 'दुपारच्या चहाचं दूध नासलं.' दुपारी खरंच नासलं. दुसरं, खिरार, फिरणं : 'कुलपात किल्ली फिरली.' दारापाशी कोणी नव्हतं. तरी किल्ली फिरली... सावकाश, पूर्ण. तिसरं, कुम्प्लिर, वय पूर्ण होणं : 'आज तिला तीस वर्षं पूर्ण झाली.'

"वाढदिवस लपवता होय?" तो हसला. पेन मात्र त्यानं टोपण लावून खाली ठेवलं.

तिनं कार्डावर बोट फिरवलं. शिसं बोटाला लागलं, आत्ताच लिहिल्यासारखं.

महिना असाच गेला. तिनं मनाशी हिशेब केला : तो सव्वीस दिवस आला, एकदाही वेळेवर नाही, आणि सांगायचं ते तिनं एकदाही सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी, पाच वाजता, शेवटचं कार्ड उरलं. वोल्वेर्से, मागे वळणं : 'तो वळला नाही.'

तिनं त्याचाच रबर घेऊन खसाखसा खोडलं. भिंतीला ओल यावी तशी अक्षरं पुन्हा वर आली.

"काम अपुरं ठेवून जाता येत नाही," तो हळूच म्हणाला. "आणि गिरवलं, तर..."

"खोडता येत नाही. जोडता तर येईल?"

वाक्याच्या आधी दोन बोटं जागा होती. तिथे तिनं लिहिलं : 'तिनं हाक मारेपर्यंत'.

"आस्ता के एया लो यामो," त्यानं स्पॅनिश जोडलं, सगळं शाईनं गिरवलं आणि पिशवी खांद्याला अडकवली. "निघतो. हाक तुम्हाला मारायचीय हं, मला नाही!"

जिन्याला बावीस पायऱ्या. ती वर उभी राहून पावलं मोजत होती. नऊ... चौदा... अठरा... तेवढ्यात पाठीवर एक थंडगार तळवा टेकला. म्हाताऱ्या बाईचा, मायेचा, ढकलणारा. मागे कोणीच नव्हतं.

"अहो खोडरबर! जाऊ नका... मला तुम्ही हवे आहात!"

पावलं थांबली. तो वळला.

"एकविसाव्या पायरीवर?" खालून त्याचा आवाज आला, हसरा आणि ओला. "जीव घेणार होतीस माझा!"

होतीस... ती लाजून कठड्याला टेकली. आणि तिच्या मागे, कधीच नीट न लागणारा तो खण आपणहून हलकेच बंद झाला.